रेनसूट, पाऊस आणि एकट्याने केलेले घाट : आठ महिन्यांनंतर

गेल्या जूनच्या पहिल्या आठवड्यात हा रेनसूट घेतला. जॅकेट आणि पँट वेगवेगळी, दोन्ही मिळून ४,२०० रुपये. तेव्हापासून पुण्याहून ताम्हिणी, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा आणि आंबोली हे घाट मोटारसायकलवर एकट्याने केले, त्यातले काही दोनदा. सूट अंगावर असताना दोनेक हजार किलोमीटर झाले असतील. कंपनीचं नाव देत नाही, कारण या किमतीतल्या बऱ्याच सूटांची घडण सारखीच असते आणि मला बोलायचंय ते त्या घडणीबद्दल.

आधी हा घ्यायची वेळ का आली ते सांगतो. त्याच्या आदल्या वर्षी जुलैत कराड, पाटण, कोयनानगर करत कुंभार्लीतून चिपळूणला उतरत होतो. अंगात साधा रेनकोट, ऑफिसला जाता-येता घालतो तसला. हेळवाकला पोचेपर्यंत आतला शर्ट पिळून काढण्याइतका भिजला होता. आपल्याकडचा पाऊस काही बर्फासारखा गार नसतो, पण ओल्या कपड्यांवर पन्नासच्या वेगाचा वारा तासभर लागला की अंगातली ऊब निघून जाते. घाटात शिरल्यावर लक्षात आलं की उजव्या हाताच्या बोटांना ब्रेकच्या लिव्हरचा अंदाजच येत नाहीये. किती दाबतोय ते कळेना. वळणावर समोरून एसटी वर येत होती. मी ब्रेक उशिरा दाबला, तोही एकदम, आणि पुढचं चाक वीतभर सरकलं. पडलो नाही. कडेला गाडी लावली, हातमोजे काढले आणि इंजिनाच्या जवळ हात धरून पंधरा मिनिटं उभा राहिलो. बोटांना मुंग्या आल्या तेव्हा कळलं की ती किती बधिर झाली होती.

मागे कुणी बसलेलं असतं तर 'अरे थांब, कुडकुडतोयस' म्हणालं असतं. एकट्याला ते सांगणारं कुणी नसतं, आणि गारठलेल्या माणसाला स्वतःला ते सगळ्यात उशिरा कळतं. म्हणून मी रेनसूट टायर आणि ब्रेकच्या रांगेत धरतो.

आता सूटाबद्दल. लेबलवर १०,००० मिमी लिहिलंय. म्हणजे कापडावर दहा मीटर उंचीएवढ्या पाण्याचा दाब दिला तरी ते पाझरू नये. कापड या बोलीला जागलं. छाती, पाठ, बाह्या, कुठूनही आजवर थेंब आत आलेला नाही. पाणी येतं ते शिवणीतून. सुईने पाडलेली भोकं बुजवायला आतून टेप चिकटवलेली असते, आणि ती सगळ्यात आधी सुटते बैठकीला. तिथे चार शिवणी एकत्र येतात, सीटच्या खोलगट भागात पाणी साचतं आणि त्यावर आपलं वजन. सप्टेंबरमध्ये साखरप्याहून आंबा घाट चढताना तिथे पहिल्यांदा गारवा जाणवला. मलकापूरला पँट उलटी करून पाहिली तर बोटभर लांबीची टेप सुटून वळली होती. दुकानात सूट बघायला गेलात तर बाहेरचं कापड बघत बसू नका. पँट उलटी करा आणि बैठकीच्या शिवणीवर नख फिरवून बघा. टेपची कड नखाला लागली तर दुसरा सूट मागा.

घाम हा याचा मोठा दोष. कापड पाणी आत येऊ देत नाही तसा घामही बाहेर जाऊ देत नाही आणि काखेत झिप दिलेली नाही. महाडहून पोलादपूरला येताना, पाऊस थांबून ऊन पडलं की आत भट्टी पेटते. पुढे आंबेनळी. पोलादपूर जवळजवळ समुद्रसपाटीला, महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास, आणि ही सगळी चढण चाळीसेक किलोमीटरांत. खाली घामाने भिजलेला बनियन वर पोचेस्तोवर बर्फासारखा लागतो. पावसाने न भिजताही माणूस गारठतो तो असा. पहिल्या खेपेला प्रतापगड फाट्याच्या पुढे पुन्हा तीच बोटं, तीच बधिरता. आता वाडा कुंभरोशीला चहाला थांबतो आणि आतला शर्ट बदलतो. कोरडा शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून सॅडलबॅगेत सगळ्यात वर ठेवलेला असतो. चहावाल्या मावशी आता ओळखतात. 'आधी बदला, मग चहा टाकते,' म्हणतात आणि आतली खोली उघडून देतात.

रंग फ्लुरोसंट पिवळा घेतला. दुकानदार काळा घ्या म्हणत होता, मळत नाही म्हणून. आजऱ्याहून आंबोलीकडे येताना धुकं इतकं होतं की रस्त्याच्या मधली पट्टीही चाकाखाली आल्यावरच दिसत होती. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि पाऊस नसेल तेव्हा ढगच रस्त्यावर उतरलेला असतो. नांगरतासच्या अलीकडे मागून आलेला एक ट्रक बराच वेळ अंतर ठेवून चालला होता. पुढे टपरीवर ड्रायव्हरकाका भेटले. म्हणाले, 'पिवळं दिसलं म्हणून आवरलं बघा. धुक्यात टेललाइट कुठली गावतीया!' त्यानंतर सूटावर लाल चिखलाचे डाग राहिले तरी मला त्याचं काही वाटत नाही.

बुटांवरची कव्हरं सोबत मिळाली होती. उजवं कव्हर पहिल्याच महिन्यात सायलेन्सरला चिकटून वितळलं. आतला खिसा वॉटरप्रूफ असल्याचं सांगितलं होतं, पण बाहेरून पाणी आलं नाही तरी आतली वाफ फोनच्या कॅमेऱ्यात शिरली. फोन झिपलॉक पिशवीत, विषय संपला. पँटला गुडघ्यापर्यंत झिप आहे, ती मात्र फार कामाची. रस्त्याच्या कडेला बूट न काढता चढवता येते, आणि चढवणं सोपं असेल तरच माणूस वेळेवर चढवतो. ढग बघून ठरवायचं मी सोडून दिलंय. मुळशीच्या पाण्याच्या कडेने कोरड्या रस्त्याने जावं आणि ताम्हिणीच्या पुढच्याच वळणाला समोरचं काही दिसू नये असा पाऊस यावा, हे तीन वेळा झालंय. जून ते सप्टेंबर घाटाच्या आधीच्या शेवटच्या गावात सूट अंगावर चढतो, ऊन असलं तरी.

घरी आल्यावर साध्या पाण्याने धुवायचा, पिळायचा नाही, सावलीत उलटा वाळत टाकायचा. ओला घडी करून दोन दिवस बॅगेत राहिला तेव्हा कुबट वास आला, तो जायला आठवडा लागला.

डिसेंबरात वाईहून पसरणी घाटाने पहाटे महाबळेश्वरला गेलो तेव्हा हाच सूट रायडिंग जॅकेटवर चढवला. पावसाचा टिपूस नव्हता, पण वेण्णा तलावाजवळच्या वाऱ्यात तो अडसर म्हणून उत्तम चालला. या वापराचा विचार घेताना केलाच नव्हता.

बैठकीची सुटलेली टेप काढून शिवणीवर सीलंटचा एक थर दिलाय. बाथरूममध्ये पँटमध्ये पाणी भरून टांगली, अर्ध्या तासाने खाली तीन थेंब. मे महिन्यात दुसरा थर देईन आणि पहिला पाऊस आला की कुंभार्लीतून उतरेन.