कंपाउंडची भिंत की भराव रोखणारी भिंत?

जळगाव, धुळे किंवा भुसावळच्या नव्या वसाहतीत प्लॉट घेतलेला माणूस घराआधी हद्द बंदिस्त करायला निघतो, तेव्हा चारही बाजूंना एकच नऊ इंची विटांची भिंत घालण्याचा सल्ला त्याला बहुधा मिळतो. हा सल्ला सपाट प्लॉटला चालतो, खोलगट प्लॉटला चालत नाही.

दर्शनी बाजूचा नियम सोपा आहे. राज्याच्या 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार कंपाउंडची उंची समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून 1.5 मीटरपर्यंत असावी, वरचा 0.9 मीटर भाग जाळीचा किंवा रेलिंगचा ठेवल्यास ती 2.4 मीटरपर्यंत नेता येते. कोपऱ्याच्या प्लॉटवर चौकाकडील 10 मीटर लांबीत भरीव भिंत 0.75 मीटरवरच थांबवून वर रेलिंग लावावे लागते, कारण वळणारी गाडी दिसली पाहिजे. मोजमाप रस्त्यापासून असल्याने तीन फूट खोल प्लॉटमध्ये आतून आठ फूट दिसणारी भिंतही नियमात बसते.

असा प्लॉट मुरूम टाकून रस्त्याच्या पातळीला आणला, की शेजारच्या सखल प्लॉटकडील भिंत भराव पेलू लागते आणि तिचे काम बदलते. भरावाची उंची दुप्पट झाली, तर मातीचा रेटा चौपट आणि भिंत उलथवणारा जोर आठपट होतो. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. शिवाय मागे पाणी तुंबले तर त्याचा दाब वेगळाच. म्हणून या बाजूला स्ट्रक्चरल इंजिनिअरने आखलेली आरसीसीची भिंत, मागे खडीचा थर आणि पाणी निघायला भोके हवीत. तिचा रुंद पाया आपल्याच हद्दीत बसवावा लागतो, त्यामुळे थोडी जागा जाते. खर्चापेक्षा लोकांना हेच अधिक खटकते. नकाशात ही भिंत वेगळी दाखवून परवानगीसाठी द्यावी.

घर दोन-चार वर्षांनी बांधायचे असेल, तर भराव न टाकता तारेचे कुंपण पुरे. हद्द चुकली तरी खांब हलवता येतात. गावठाणातील जागेसाठी आधी ग्रामपंचायतीत चौकशी करावी. पाया खणण्यापूर्वी मात्र भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी, आणि खुणा दाखवताना शेजाऱ्यालाही बोलवावे.