लवकर सही करावी की सहा वर्षं थांबावं? तरुण बेसबॉलपटूंपुढचे दोन रस्ते

2018 च्या हंगामात अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमधल्या नॅशनल लीगमध्ये दोन पोरं एकदमच चमकली. अटलांटा ब्रेव्ह्जचा व्हेनेझुएलन रॉनल्ड अकुन्या ज्युनियर 'रूकी ऑफ द इयर', म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवखा खेळाडू, ठरला आणि वॉशिंग्टन नॅशनल्सचा डॉमिनिकन ह्वान सोतो दुसरा आला. दोघेही आउटफिल्डर, वयात जेमतेम वर्षाचं अंतर. नियमाने दोघेही 2024 च्या हंगामानंतर फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही क्लबशी करार करायला मोकळे, झाले असते. पण दोघांनी अगदी उलट वाटा धरल्या. क्लबच्या दीर्घ करारावर लवकर सही करायची की मोकळं होईपर्यंत थांबायचं, हा निर्णय ज्याला घ्यायचा आहे त्याने ही जोडी समोरासमोर ठेवून बघावी.

आधी नियम, थोडक्यात. मेजर लीगमध्ये 172 दिवस भरले की सेवेचं एक वर्ष धरतात. पहिली तीन वर्षं पगार क्लब ठरवतो आणि तो बहुतेक वेळा किमान वेतनाच्या आसपासच असतो. 2025 मध्ये हे किमान वेतन 7.6 लाख डॉलर होतं. पुढची तीन वर्षं आर्बिट्रेशनची, म्हणजे दरवर्षी पगारावर घासाघीस. ज्यांची सेवा तीन वर्षांना थोडी कमी पडते त्यांच्यातल्या वरच्या 22 टक्क्यांना आर्बिट्रेशन एक वर्ष आधी मिळतं. त्यांना 'सुपर टू' म्हणतात. सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा. एकेका दिवसाला किती किंमत असते ते क्रिस ब्रायंटला विचारा. शिकागो कब्जने 2015 मध्ये त्याला हंगाम सुरू झाल्यावर काही दिवसांनी वर बोलावलं, त्याचे 171 दिवस भरले आणि तो एक वर्ष उशिरा मोकळा झाला. त्याने दाद मागितली, पण 2020 मध्ये निकाल त्याच्या विरोधात गेला.

आता ती दोघं. अकुन्याने एप्रिल 2019 मध्ये, पदार्पणाला वर्ष व्हायच्या आत, आठ वर्षांच्या 10 कोटी डॉलरच्या करारावर सही केली. वर 2027 आणि 2028 साठी प्रत्येकी 1.7 कोटीत त्याला ठेवून घ्यायचा हक्क क्लबकडे. सोतो थांबला. 2022 मध्ये नॅशनल्सने पुढे केलेले 15 वर्षांचे 44 कोटी त्याने नाकारले, तेव्हा त्याला पॅड्रेजकडे धाडलं गेलं आणि पुढे तो यांकीजकडे गेला. सुपर टू असल्यामुळे त्याला आर्बिट्रेशनची चार वर्षं मिळाली: 85 लाख, 1.71 कोटी, 2.3 कोटी आणि 3.1 कोटी. मग डिसेंबर 2024 मध्ये मेट्सबरोबर 15 वर्षांचे 76.5 कोटी.

2021 ते 2024 या चार वर्षांत सोतोने जवळपास 8 कोटी कमावले, अकुन्याने 5.4 कोटी. एवढाच फरक असता तर मी कुणालाही डोळे झाकून सही कर म्हटलं असतं. खरा सौदा त्यापुढच्या वर्षांचा आहे. अकुन्याने 2025 ते 2028 ही मोकळेपणाची चार वर्षं 1.7 कोटीच्या दराने आधीच विकली होती. सोतोला त्याच काळात वर्षाला सरासरी 5.1 कोटींचा भाव मिळाला.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जुलै 2021 मध्ये अकुन्याच्या उजव्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. 2023 मध्ये तो एकमताने एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू, झाला: 41 होमरन, 73 चोरलेले बेस. आणि मे 2024 मध्ये डावा गुडघा गेला. थांबला असता तर दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झालेल्या अवस्थेत, त्याच हिवाळ्यात तो बाजारात उभा राहिला असता. 2019 ची सही म्हणूनच मला मूर्खपणाची वाटत नाही.

थांबणाऱ्याने आर्बिट्रेशनची खोलीही डोळ्यांसमोर आणावी. तीन लवाद, दोन आकडे: एक खेळाडूचा, एक क्लबचा. लवादांनी त्यांतला एकच निवडायचा, मधला काढायचा नाही. त्यामुळे क्लबचा वकील खेळाडूसमोरच त्याच्या उणिवा वाचून दाखवतो. कॉर्बिन बर्न्स 2021 चा साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरच्या पुरस्काराचा, विजेता. 2023 मध्ये त्याने 1.075 कोटी मागितले, मिल्वॉकीने 1.001 कोटी म्हटलं, तो हरला. फरक 7.4 लाखांचा, पण संघ प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) न पोचल्याचं खापरही आपल्यावर फोडलं गेलं, संबंध दुखावले, असं त्याने उघडपणे सांगितलं. पुढच्याच वर्षी तो बाल्टिमोरला गेला. ज्याच्या मनाला असलं बोलणं लागतं, त्याने ही गोष्ट हिशेबात धरलीच पाहिजे.

माझ्या मते निर्णय ठरतो तो साइनिंग बोनसवर, म्हणजे क्लबशी पहिल्यांदा जोडलं जाताना मिळालेल्या रकमेवर. सोतोला 2015 मध्ये 15 लाख मिळाले होते, अकुन्याला 2014 मध्ये फक्त 1 लाख. घरच्यांची सोय आधीच झालेली असेल तर धोका पत्करता येतो. ती झालेली नसेल तर पहिला मोठा आकडा नाकारायला सांगणाऱ्या एजंटचं ऐकताना लक्षात ठेवावं, त्याच्याकडे दुसरे खेळाडू आहेत. तुमच्याकडे एकच गुडघा, एकच खांदा. 2014 मध्ये ह्यूस्टनच्या जॉन सिंगलटनने पदार्पणाआधीच पाच वर्षांचे 1 कोटी घेतले, तेव्हा स्वस्तात विकला गेला म्हणून त्याच्यावर टीका झाली. 2015 नंतर मेजर लीगमध्ये परतायला त्याला 2023 उजाडलं. करारातले पैसे मात्र त्याचेच राहिले. पिचरने तर कोपराचा विचार करून सहीकडेच झुकावं.

मात्र सही करताना काय देतो ते नीट बघावं. ओझी अल्बीजने अकुन्यापाठोपाठ सात वर्षांसाठी 3.5 कोटी घेतले, आणि 70 लाखांचे दोन ऑप्शन, म्हणजे आणखी एकेक वर्ष ठेवून घ्यायचे हक्क, क्लबला देऊन टाकले. चांगल्या सेकंड बेसमनला त्या भावात 2027 पर्यंत बांधून ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. रक्कम थोडी कमी झाली तरी चालेल, पण क्लबचे ऑप्शन नकोत, आणि करार संपताना वय 29 च्या आत हवं. एकच ऑप्शन द्यावा लागलाच तर त्याची किंमत एमव्हीपी किंवा ऑल-स्टार निवडीबरोबर वाढत जाईल असं कलम आग्रहाने घालून घ्यावं. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतला सध्याचा कामगार करार 1 डिसेंबर 2026 ला संपतोय, त्यामुळे आज थांबायचं ठरवणाऱ्याने पुढचे नियम हेच राहतील असं धरून चालू नये.