एमजीबीचे पुढचे ब्रेक कॅलिपर बदलल्यानंतरचे अकरा महिने

माझ्या १९७१ च्या एमजीबी रोडस्टरचे, म्हणजे उघड्या छताच्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे, पुढचे दोन्ही ब्रेक कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणारे भाग) मी गेल्या मार्चमध्ये बदलले. त्यानंतरच्या अकरा महिन्यांत गाडी सुमारे ३,२०० मैल धावली आहे आणि त्यात ऑक्सफर्डशरचा पावसाळी हिवाळा, कॉट्सवोल्डच्या उतरणी आणि ऑगस्टमधली वेल्सची एक लांब सफर असे सगळे येऊन गेले. एवढ्या वापरानंतर माझे मत पक्के झाले आहे. या गाडीला मोठे किंवा आधुनिक कॅलिपर लागत नाहीत. मूळ रचनेचेच, पण ज्यांचे दोन्ही मिळून चारही पिस्टन (तेलाच्या दाबाने पॅड पुढे ढकलणारे दट्टे) मोकळेपणाने सरकतात असे कॅलिपर, नवे होज पाइप (कॅलिपरपर्यंत तेल नेणाऱ्या लवचिक रबरी नळ्या) आणि ताजे ब्रेक ऑईल एवढे मिळाले की ही गाडी आजच्या रहदारीत निर्धास्तपणे थांबते.

एमजीबी १९६२ साली बाजारात आली आणि ऑक्टोबर १९८० मध्ये अ‍ॅबिंग्डनचा कारखाना बंद होईपर्यंत तिथे बनत राहिली. तो कारखाना जिथे होता ते ठिकाण माझ्या घरापासून पंधरा-वीस मिनिटांवर आहे. गाडीला पुढे पावणेअकरा इंची डिस्क आणि मागे दहा इंची ड्रम आहेत. माझ्या गाडीला सर्व्हो (पायाचा जोर वाढवणारे साधन) नाही आणि ब्रेकचे सर्किटही एकच आहे, म्हणजे कुठेही एका जागी गळती झाली तर चारही चाकांचा दाब एकदम जातो. या कामात मी जी काळजी घेतली तिच्यामागे मुख्यतः हीच गोष्ट होती.

दोष हळूहळू वाढत गेला. आधी ब्रेक दाबताना गाडी किंचित डावीकडे ओढत असल्याचे जाणवू लागले. मग एका रविवारी तीसेक मैल चालवून आल्यावर उजव्या पुढच्या चाकाजवळ तापलेल्या पॅडचा वास आला. इन्फ्रारेड थर्मामीटर लावून पाहिला तर उजवी डिस्क ९५ अंश आणि डावी ६० अंश सेल्सिअस होती. गाडी एका बाजूला ओढण्याची कारणे टायरमध्ये किंवा सस्पेन्शनमध्येही असू शकतात, परंतु ओढही आहे आणि एकाच चाकाला उष्णताही आहे असे दोन्ही एकत्र दिसले की संशय कॅलिपरवर किंवा त्याच्या होज पाइपवर जातो. चाक काढून, पॅडच्या कॉटर पिना ओढून पॅड बाहेर घेतल्यावर कारण समोर आले. बाहेरच्या बाजूच्या पिस्टनच्या कडेवर डस्ट सीलच्या (धूळ अडवणाऱ्या रबरी कड्याच्या) अगदी वर नखाएवढी तपकिरी चंद्रकोर होती. क्रोमचा मुलामा तिथे फुगून उडाला होता आणि उघड्या पोलादाला खड्डे पडले होते. त्यावरून नख फिरवले तर ते अडकत होते.

एवढासा खड्डा इतका त्रास का देतो, हे कळण्यासाठी सीलचे काम समजून घ्यावे लागते. कॅलिपरमधला रबरी सील चौकोनी छेदाचा असतो. पेडल दाबल्यावर पिस्टन पुढे सरकतो तेव्हा सील त्याला धरून थोडा पिळला जातो आणि पेडल सोडल्यावर तोच पीळ उलगडून पिस्टनला केसभर मागे खेचतो. पॅड आणि डिस्क यांच्यातली मोकळीक याच केसभर हालचालीतून निर्माण होते, कारण या कॅलिपरमध्ये पिस्टन मागे ओढणारी दुसरी कोणतीही स्प्रिंग नसते. पिस्टन गंजून जाम झाला की तो पूर्ण जोराने दाबतही नाही आणि पूर्ण मागेही येत नाही. म्हणून माझ्या गाडीत उजवे चाक तापत होते आणि तरीही ब्रेक लागताना गाडी डावीकडे जात होती.

पर्याय तीन होते. पहिला, जुनेच कॅलिपर घरी खोलून त्यात स्टेनलेस स्टीलचे पिस्टन आणि नवे सील बसवणे. दुसरा, जुने देऊन दुरुस्त केलेले मूळ बिडाचे कॅलिपर घेणे. तिसरा, अ‍ॅल्युमिनियमचे प्रत्येकी चार पिस्टनचे नवे कॅलिपर बसवणे. तिसऱ्याचा मोह मला बराच काळ होता, कारण त्यांचे वजन कमी असते आणि दिसायलाही ते देखणे असतात. परंतु कॅलिपरमधल्या पिस्टनचे एकूण क्षेत्रफळ बदलले की त्याच मास्टर सिलिंडरवर (पेडलने तेलावर दाब आणणाऱ्या सिलिंडरवर) पेडलचा प्रवास बदलतो आणि पुढच्या-मागच्या चाकांमधला ब्रेकचा समतोलही हलतो. शिवाय माझ्या गाडीला तारांची चाके आहेत आणि जाड कॅलिपर व तारा यांच्यात किती अंतर राहील, हे प्रत्येक गाडीवर मोजूनच ठरवावे लागते. जे शर्यतीत गाडी पळवतात त्यांचे गणित वेगळे आहे. माझा वापर रविवारचा आणि सुट्टीतला आहे, म्हणून मी दुसरा पर्याय निवडला आणि स्टेनलेस पिस्टन असलेले दुरुस्त कॅलिपर मागवले. माझे बालपण कोल्हापुरात, उद्यमनगरच्या ओतकामाच्या कारखान्यांच्या शेजारी गेले. त्यामुळे पन्नास वर्षे उन्हापावसात राहूनही न तडकलेल्या बिडाबद्दल मला आदर वाटतो, हेही या निवडीमागचे एक कारण आहे असे मी मोकळेपणाने सांगतो.

बसवण्याचे काम अवघड नाही, पण क्रम चुकला तर महागात पडते. गाडी जॅकवर उचलून ठोकळ्यांवर पक्की बसवल्याशिवाय खाली हात घालू नये. चाकाचा मधला नट तांब्याच्या किंवा शिशाच्या हातोडीनेच ठोकावा, आणि तो कोणत्या दिशेने सुटतो हे त्याच्यावरच्या बाणाकडे पाहून घ्यावे, कारण दोन बाजूंचे आटे उलट असतात. होज पाइप थेट कॅलिपरमध्ये आट्याने बसलेला असल्यामुळे तो सोडवण्याआधी त्याचे दुसरे टोक, म्हणजे बॉडीच्या ब्रॅकेटवरचे धातूच्या नळीचे जोड, आधी मोकळे करावे. तसे न करता होज फिरवला तर तो आतून पिळतो आणि पुढे त्रास देतो. मी दोन्ही होज नवेच घातले. जुने रबर आतून फुगून वाट अरुंद करते. मग पेडल दाबल्यावर तेल जोराने पुढे जाते, पण परत येताना अडते आणि चाक घासत राहते. नवा कॅलिपर घातल्यावरही चाक तापत राहण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे आणि बरेच जण त्याचा दोष कॅलिपरला देतात.

कॅलिपरचे दोन बोल्ट मॅन्युअलप्रमाणे ४० ते ४५ फूट-पौंडाला कसले आणि लॉकिंग पट्टीचे कान दुमडले. डिस्कची डगमग डायल गेजने मोजली. ती तीन हजारांश इंचाच्या आत होती, म्हणून डिस्क तशीच ठेवली. पॅड मिंटेक्सचे एम ११४४ घेतले. जुन्या पॅडची धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या झोताने उडवू नका. जुन्या पॅडमध्ये फुप्फुसांना घातक असा अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली आणि वर्षानुवर्षे गॅरेजमध्ये पडून राहिलेल्या गाडीवर कोणते पॅड आहेत ते सांगता येत नाही. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बंद करून टाकावे.

ब्रेकच्या तेलातली हवा काढताना पेडल दाबायला माझी मुलगी बसली होती. मी खालून "दाब", "धर", "सोड" असे म्हणत होतो आणि निपलला (हवा व तेल बाहेर सोडायच्या छोट्या तोंडाला) लावलेली पारदर्शक नळी बाटलीतल्या तेलात बुडवलेली होती. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून केली. आधी काळपट तेल आले, मग बारीक बुडबुड्यांची माळ आली आणि शेवटी मधासारखे स्वच्छ तेल. कॅलिपर बसवल्यावर निपल वरच्या बाजूलाच आला आहे ना, हे आवर्जून पाहावे. डावा-उजवा अदलाबदल झाला तर निपल खाली येतो, हवा वर अडकून राहते आणि कितीही पंप केले तरी पेडल स्पंजासारखे दबते.

सगळे झाल्यावर मी पेडल आणि सीट यांच्यामध्ये लाकडी दांडी अडकवून रात्रभर दाब ठेवला आणि प्रत्येक कॅलिपरभोवती टिश्यू पेपर गुंडाळला. सकाळी डाव्या कॅलिपरचा कागद कोरडा होता, उजव्याचा मात्र एका कडेला ओला झाला होता. ओल होज किंवा निपलपाशी नव्हती. कॅलिपरचे दोन अर्धे भाग जिथे एकमेकांना जोडलेले असतात, त्या सांध्यातून तेल पाझरत होते, म्हणजे आतल्या तेलवाटेचा छोटा सील नीट बसवला गेला नव्हता. ज्या विक्रेत्याकडून घेतले त्याने आधी माझ्याच बसवण्यात चूक असल्याचे सांगितले. फोटो पाठवल्यावर दुसरा दिला, पण त्यात तीन आठवडे गेले. दुसरा निर्दोष निघाला. मला राग आला तो याचा की एकाच सर्किटच्या गाडीचा ब्रेकचा भाग दाबाखाली तपासल्याशिवाय पेटीत भरला जातो. कॅलिपर कोणाकडूनही घेतला तरी रात्रभराची ही चाचणी केल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

ब्रेक ऑईलबद्दल थोडे सांगतो. मी डॉट ४ या प्रतीचे तेल वापरतो. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, पण पाणी शोषल्यावर मानक त्याला १५५ अंशांपर्यंत उतरू देते. हे तेल हवेतली ओल ओढून घेते आणि तीच ओल पिस्टनला आतून गंजवते. जी गाडी आठवड्यातून एकदा निघते तिच्यासाठी दर दोन वर्षांनी तेल बदलणे मैलांच्या हिशेबापेक्षा महत्त्वाचे आहे. सिलिकॉनचे डॉट ५ पाणी शोषत नाही आणि रंगही खराब करत नाही, हे खरे आहे. परंतु ते डॉट ४ मध्ये मिसळता येत नाही आणि माझ्या पायाला त्याचे पेडल मऊ लागते. डॉट ४ सांडल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवावे, कारण ते रंग खाते. माझ्या गाडीच्या आतल्या मडगार्डवर अंगठ्याएवढा एक डाग त्याची साक्ष देत अजून आहे.

पहिले दोनशे मैल नवे पॅड डिस्कवर घासून नीट बसण्यात गेले. मोकळ्या रस्त्यावर ताशी ३० मैलांवरून पंधरा-वीस वेळा हलके ब्रेक लावून मधे डिस्क थंड होऊ दिली. सर्व्हो नसल्यामुळे पेडल आजही जड आहे आणि आधुनिक गाडीतून उतरून यात बसणाऱ्याला पहिल्या चौकात दचकायला होते. मात्र जोर जितका, तितकाच ब्रेक लागतो आणि पायाला सगळे कळते. ब्रॉडवेजवळची फिश हिल मी मुद्दाम तीनदा उतरलो. एकदाही पेडल लांबले नाही की गाडीने कडेची ओढ घेतली नाही. खाली पोहोचल्यावर दोन्ही डिस्कच्या तापमानात चार अंशांचा फरक होता. वेल्समध्ये दिवसभर पाऊस होता तेव्हा पहिल्या दाबाला ओल्या डिस्कमुळे क्षणभर पकड उशिरा येते, आणि ही सवय करून घ्यावी लागते.

तक्रारी तशा थोड्या आहेत. थंडीत पहिल्या मैलभरात डाव्या बाजूने बारीक किंचाळी येते. पॅडच्या मागच्या पत्र्यांवर तांब्याचे ग्रीस लावल्यावर ती निम्मी झाली, पूर्ण गेली नाही. पॅडची काळी भुकटी तारांच्या चाकांवर बसते आणि ती काढायला टूथब्रश घेऊन अर्धा तास जातो. स्टेनलेस पिस्टनमुळे उष्णता वाढते का, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. माझ्या वापरात तसे जाणवले नाही.

ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या आणि मोठे बदल न केलेल्या गाड्यांना मे २०१८ पासून एमओटी, म्हणजे रस्त्यावर चालण्यायोग्यतेच्या वार्षिक तपासणीची सक्ती नाही. मी तरीही गाडी स्वेच्छेने नेतो. तिथल्या ब्रेक तपासणाऱ्या रोलरवर पुढच्या दोन्ही चाकांचे आकडे शेजारी शेजारी दिसतात आणि कॅलिपर जाम होऊ लागल्याची पहिली खूण तिथे, पायाला कळण्याच्या आधी मिळते. या वेळी दोन्ही काटे जवळजवळ एकत्र चढले.

गेल्या शनिवारी चाके काढून पुन्हा पाहिले. चारही पॅडची झीज सारखी आहे. पिस्टनची कड आरशासारखी स्वच्छ आहे आणि सपाट पट्टीने हलके रेटल्यावर चारही पिस्टन सारख्याच जोराने मागे गेले. उजवे चाक हाताने फिरवून सोडले तेव्हा ते पाच फेरे घेऊन थांबले. मार्चपूर्वी ते एका फेऱ्यातच थांबत असे. आता वसंत ऋतूत मागच्या ड्रमचे व्हील सिलिंडर बदलायचे आहेत आणि त्यांच्यासाठीही टिश्यू पेपर व लाकडी दांडी मी बाजूला काढून ठेवली आहे.