कासवाच्या पिल्लांचं ‘कम्प्लीट फूड’: आमची फसवणूक कशी झाली

घरात कासवाचं पिल्लू आणायचा विचार असेल, किंवा आणून झालं असेल, तर हे वाचा. दुकानदाराला पिल्लाच्या विक्रीतून फार मिळत नाही. कमाई असते ती त्याच्यासोबत गळ्यात मारलेल्या सामानावर: खाद्याचा डबा, निळा दिवा, कॅल्शियमची वडी, डोळ्यांत घालायचे थेंब. आमच्या गळ्यात हे सगळं मारलं गेलं, आणि त्यातली एकही वस्तू सांगितलं होतं ते काम करणारी नव्हती.

पुण्यातल्या एका ॲक्वेरियमच्या दुकानातून मुलीसाठी दोन पिल्लं घेतली. हिरवीगार पाठ, डोळ्यामागे लाल पट्टा, म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर. मूळची अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली ही जात आपल्याकडच्या दुकानांतही सर्रास दिसते. “ताई, ही एवढीच राहतात, टाकी लहान असली की वाढत नाहीत,” हे पहिलं खोटं. मादी एक फुटाच्या जवळपास वाढते आणि नीट सांभाळली तर वीस-तीस वर्षं सहज जगते. लहान टाकीत वाढ खुंटली, तर ते पिल्लू आजारी आहे म्हणून.

दुसरं खोटं जास्त महागात पडलं. त्याने एक डबा पुढे केला. “ह्यात सगळं आहे. सकाळ-संध्याकाळ चिमूटभर टाकायचं. भाजी-बिजी अजिबात नको, पाणी खराब होतं.” डब्यावर कासवाचं चित्र आणि ‘कम्प्लीट फूड’ अशी ठळक अक्षरं. आत मात्र नुसती वाळवलेली बारीक कोळंबी, बाजारातल्या सुकटीसारखी. बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख, वजन, घटक यांतलं काहीही छापलेलं नव्हतं. यातलं नाव, पत्ता, तारीख आणि वजन पाकीटबंद मालावर छापणं २०११च्या वजन-मापांच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. पोत्यातला माल सुटा करून, स्वतःचं लेबल चिकटवून विकायचा, असा हा धंदा.

पिल्लं त्या कोळंबीवर तुटून पडायची. यातच खरा धोका आहे, कारण पिल्लू आवडीने खातंय म्हटल्यावर शंका कोणाला येणार? वाळवलेल्या कोळंबीत प्रथिनं असतात, पण अ जीवनसत्त्व नसल्यातच जमा. अंड्यातून येताना पिल्लाच्या यकृतात त्याचा थोडा साठा असतो, त्यावर काही महिने निघतात. तेवढ्यात दुकानदार मोकळा. साठा संपला की अश्रुग्रंथींचं अस्तर जाड होतं, त्यात मळ साचतो आणि पापण्या फुगून डोळे मिटतात. कासव अन्न शोधतं ते मुख्यतः नजरेने, त्यामुळे डोळे मिटले की खाणं थांबतं.

आमच्या धाकट्या पिल्लाचे डोळे फुगले तेव्हा आम्ही आधी त्याच दुकानात गेलो. त्याने थेंबांची बाटली विकली. थेंबांनी काही होईना, तेव्हा म्हणाला, “थंडी आहे ना, झोपलंय ते. उठेल आपोआप.” हे ऐकून मला आजही संताप येतो. थंड पाण्यात कासव सुस्तावतं आणि खाल्लेलं त्याला पचत नाही, हे खरं. पण फुगलेल्या पापण्या म्हणजे झोप नव्हे. त्याच्या त्या वाक्यापायी उपचाराचे दिवस वाया गेले.

शेवटी कासवं, पक्षी वगैरे पाहणाऱ्या एका डॉक्टरबाई सापडल्या. आमचं सगळं सामान त्यांनी टेबलावर मांडायला लावलं. पिल्लाच्या पाठीवर हलकेच बोट टेकवून दाखवलं, तर कवच पुठ्ठ्यासारखं दबत होतं. कॅल्शियमची पांढरी वडी बहुतेक प्लास्टरची होती. पिल्लांनी तिला कधी तोंडही लावलं नव्हतं. ‘यूव्ही दिवा’ म्हणून दिलेला दिवा साधा निळा एलईडी होता. कासवाच्या त्वचेत ड जीवनसत्त्व तयार व्हायला यूव्हीबी म्हणजे उन्हातले एक प्रकारचे अतिनील किरण लागतात, आणि ड नसेल तर पोटात गेलेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. खऱ्या दिव्यावर ‘यूव्हीबी’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि तोही साधारण वर्षभरात बदलावा लागतो, कारण उजेड दिसत राहिला तरी किरण कमी होत जातात. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचाही उपयोग नाही, काच हे किरण अडवते.

मध्यंतरी दुकानदाराने आणखी एक सल्ला दिला होता: बोनलेस चिकनचे तुकडे घाला, ताकद येईल. डॉक्टरबाई त्यावर भडकल्याच. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं. वाढत्या पिल्लाच्या आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या निदान दीडपट ते दुप्पट असायला हवं, नाहीतर शरीर ते हाडांतून आणि कवचातून ओढून घेतं.

धाकटं पिल्लू वाचलं नाही. थोरलं आहे, खातं, आणि आता त्याची पाठ टणक आहे.

त्याला आम्ही काय देतो ते सविस्तर सांगते, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही. पिल्लू लहान असताना त्याला मांसाहार जास्त लागतो, वाढत जाईल तसा पाला-भाजी वाढवायची. आधार चांगल्या पेलेटचा, म्हणजे गोळ्यांच्या रूपातल्या तयार खाद्याचा, ज्याच्या डब्यावर घटक, जीवनसत्त्वं आणि तारीख छापलेली असेल. डबा छोटाच घ्यावा, उघडल्यावर जीवनसत्त्वं उतरत जातात. सोबत गांडुळाचे तुकडे, पण खतं-औषधं न मारलेल्या मातीतलेच. कधी छोटा अख्खा गप्पी मासा, कारण काट्यांसकट खाल्ला तर कॅल्शियम मिळतं. गोल्डफिश नको, त्यातल्या एका घटकामुळे ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. वाळवलेली कोळंबी आठवड्यातून एखाद वेळ खाऊ म्हणून, जेवण म्हणून नाही.

भाजीत किसलेलं गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा कोवळा पाला, आणि गाईगुरांना घालतात तो अझोला. अझोला पाण्यावर तरंगतो, पिल्लं जाता-येता तोडतात. सुरुवातीला भाजीकडे ढुंकूनही बघत नाहीत, तरी रोज थोडी टाकत राहायचं. पालक नको, त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम बांधून ठेवतं. पोळी, भात, दूध, पनीर यांतलं काहीच नको. प्लास्टरच्या वडीऐवजी समुद्रफेन, म्हणजे कटलफिश या समुद्री जीवाचं आतलं कवच, घ्या. काष्ठौषधींच्या दुकानात अख्खा तुकडा मिळतो. त्या तुकड्याच्या पाठीचा कडक पापुद्रा काढून तो पाण्यात सोडला की पिल्लू हवं तेव्हा कुरतडतं.

एका वेळचं खाणं पिल्लाच्या डोक्याच्या आकाराएवढं पुरे, दिवसातून एकदा. खायला घालायचं पाण्यातच, कारण ही कासवं पाण्याबाहेर नीट गिळू शकत नाहीत. आम्ही वेगळ्या टबात घालतो, म्हणजे टाकीचं पाणी घाण होत नाही. भाजीने पाणी खराब होतं ही सबब त्या एका टबाने निकालात निघाली. तो टब मोरीत धुवायचा, स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये कधीच नाही, आणि नंतर हात साबणाने धुवायचे. कासवाच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. मुलांना त्याची लागण होते म्हणून अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवरच बंदी घातली.

त्याच दुकानात ‘लकी’ म्हणून स्टार कासव आणून देतो, असंही आम्हाला हळू आवाजात विचारलं गेलं, आणि खायला पुन्हा तोच डबा! स्टार कासव जमिनीवरचं, गवत-पाला खाणारं. कोळंबीने त्याचं नुकसानच होईल. शिवाय ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ते विकणं आणि घरात ठेवणं दोन्ही गुन्हा, शिक्षा तीन ते सात वर्षं कैद. कोणी असं विचारलं तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

पैसे परत मागितले तेव्हा दुकानदार म्हणाला, “बिल दाखवा.” बिल त्याने दिलंच नव्हतं. म्हणून आधी पक्कं बिल मागा, आणि पेटशॉपच्या २०१८च्या नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाचं नोंदणीपत्र भिंतीवर आहे का ते बघा. नसेल तर तिथून निघा. खाद्याच्या डब्याचा सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा. बिल असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार करताना हेच फोटो कामी येतात.

आणि तुमच्या पिल्लाचे डोळे आत्ता फुगलेले असतील तर थेंब घालत बसू नका. पाणी २६-२७ अंशांपर्यंत कोमट ठेवा, बळजबरीने भरवू नका आणि शक्यतो आजच सरपटणारे प्राणी पाहणाऱ्या डॉक्टरांना गाठा. अ जीवनसत्त्वाचं औषध स्वतःच्या मनाने देऊ नका, जास्त झालं तर कातडी सोलून निघते. जाताना खाद्याचा डबा आणि दिवा सोबत न्या.