बॅकअप चोख घेतं, परत देताना अडतं : परभणीच्या डीटीपी सेंटरमधला अनुभव

परभणीत आमचं डीटीपी आणि छपाईचं काम आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं बारमाही चालूच असतात, पण खरी धावपळ होते ती कृषी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांची. एकेक प्रबंध वर्ष-दोन वर्षं आमच्याकडे मुक्कामाला असतो. तक्ते बदलतात, प्रकरणं मागेपुढे होतात, मार्गदर्शक एखादा मजकूर काढायला लावतात आणि दोन महिन्यांनी तोच परत मागतात. अशा कामात नुसती आजची फाइल जपून भागत नाही, मधल्या सगळ्या अवस्था हाताशी लागतात. म्हणून गेल्या दिवाळीच्या सुमारास वर्षाची फी भरून बॅकअपचं सॉफ्टवेअर घेतलं. तेव्हापासून ते रोज चालू आहे. नाव लिहीत नाही, कारण ज्या सुधारणा मला हव्या आहेत त्यांतल्या बऱ्याच या जातीच्या इतर सॉफ्टवेअरनाही लागू पडतील.

आधी चांगलं ते सांगतो. पहिल्यांदा सगळ्याची पूर्ण प्रत घ्यायला वेळ लागला, पुढे मात्र रोज फक्त बदललेल्या फाइली उचलल्या जातात आणि दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत काम उरकतं. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठी पत्रिका उघडी असली तरी मशीन रेंगाळत नाही. वर्डमध्ये उघडी असलेली फाइलही घेतली जाते, कारण विंडोजच्या शॅडो कॉपीचा, म्हणजे डिस्कचं त्या क्षणाचं रूप धरून ठेवण्याच्या सोयीचा, वापर ते नीट करतं. बॅकअप घेण्याच्या बाबतीत पैकीच्या पैकी गुण द्यायला माझी हरकत नाही.

अडचण येते परत काढताना. एक मुलगी काउंटरवर येऊन म्हणाली, "काका, मागल्या महिन्यातलं तिसरं प्रकरण हाय का हो? सर म्हणले जुनंच ठेव." फाइल होती, आणि शेवटी मिळालीही. पण मिळेपर्यंत काय काय करावं लागलं ते पाहा. खिडकी उघडली की तारखांची यादी येते, तीही महिना आधी आणि दिवस नंतर अशी. 05/06 म्हणजे पाच जून की सहा मे, हा विचार प्रत्येक वेळी करायचा. एक तारीख उघडायची, फोल्डरमागून फोल्डर उतरत फाइलपर्यंत जायचं, आकार बघायचा, बाहेर यायचं, पुढची तारीख उघडायची. फाइलच्या आत काय आहे ते बाहेर काढल्याशिवाय दिसत नाही.

मला नेमकं उलटं हवंय. फाइल आधी धरू द्या आणि तिच्या सगळ्या जुन्या प्रती एका ओळीत मांडा. तारखेत महिन्याचं नाव अक्षरांत, सोबत आकार, आणि जमल्यास पहिल्या पानाचं चित्र. हे काही आकाशातलं मागणं नाही. ॲपलच्या टाइम मशीन या बॅकअपच्या सोयीत 2007 पासून एका फोल्डरवर उभं राहून तारखेनुसार मागे मागे जाता येतं. प्रबंधाच्या कामात तर दोन प्रतींत कोणते परिच्छेद बदलले तेही शेजारी शेजारी दिसावं. एवढं झालं तर ऑपरेटरचा अर्धा तास दोन मिनिटांवर येईल.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. परत काढताना ‘मूळ जागी ठेवा’ हा पर्याय आधीपासून निवडलेला असतो. म्हणजे जुनं प्रकरण काढायला जावं आणि आजचं ताजं काम त्याच्याखाली गडप व्हावं अशी सोयच करून ठेवली आहे. आधीपासून निवडलेला पर्याय ‘वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा’ हाच असला पाहिजे. मूळ जागी ठेवायचंच असेल तर आजच्या फाइलची एक प्रत आधी बाजूला काढावी, मग हात लावावा.

संदेशांच्या भाषेबद्दलही तळमळीने सांगावंसं वाटतं. काम संपल्यावर हिरवी खूण येते आणि खाली बारीक अक्षरांत ‘कम्प्लिटेड विथ वॉर्निंग्ज’. त्यावर क्लिक केलं की शेकडो ओळींची नोंदवही उघडते आणि वगळलेल्या फाइलींची नावं तिच्यात कुठेतरी दडलेली असतात. आमच्याकडे वगळल्या जायच्या त्या आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरच्या, म्हणजे नेटवर्कवरून घेतलेल्या फाइली. शॅडो कॉपीची सोय आपल्या मशीनवरच्या डिस्कला मिळते, नेटवर्कच्या फोल्डरला सहसा मिळत नाही. त्यामुळे तिकडे ऑपरेटरने उघडी ठेवलेली फाइल सुटायची. आणि उघडी असते ती त्या दिवशी काम चालू असलेली, म्हणजे सगळ्यात मोलाची! त्या कॉम्प्युटरवर आता हेच सॉफ्टवेअर वेगळं बसवलं आहे, पण सॉफ्टवेअरने पहिल्याच दिवशी साध्या मराठीत सांगायला हवं होतं: ‘या तीन फाइली घेता आल्या नाहीत, कारण त्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघड्या आहेत.’ फाइल सुटलेली असताना हिरवी खूण दाखवूच नये.

आता मराठीत काम करणाऱ्यांची खास दुखणी. जुनी पावतीपुस्तकं आणि स्मरणिका आमच्याकडे श्रीलिपी या सॉफ्टवेअरच्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये, म्हणजे प्रत्येक कंपनीची अक्षरांची मांडणी वेगळी असायची त्या काळातल्या फॉन्टमध्ये आहेत. फाइल सुखरूप परत आली आणि नव्या मशीनवर तो फॉन्ट नसला, तर पडद्यावर मजकुराच्या जागी निव्वळ चिन्हांचा गोंधळ दिसतो. सॉफ्टवेअर सुरुवातीला जे फोल्डर सुचवतं त्यात डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप येतात. विंडोजचा फॉन्ट फोल्डर येत नाही. त्यातही एखाद्याने फक्त स्वतःच्या खात्यापुरता बसवलेला फॉन्ट विंडोज 10 आणि 11 मध्ये वेगळ्याच, लपलेल्या ॲपडेटा फोल्डरात जातो. ‘फॉन्टही घ्यायचे का?’ एवढा एक प्रश्न सुरुवातीलाच विचारला तर महाराष्ट्रातल्या किती डीटीपीवाल्यांचं भलं होईल.

फाइलींच्या नावांचंही तसंच. ‘शेतकऱ्यांची यादी’ हे नाव दोन तऱ्हांनी टाइप होतं. एका कीबोर्डवर ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर पडतं, तर दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह मिळून तेच रूप उमटतं. वाचणाऱ्याला फरक कळत नाही, कॉम्प्युटरला मात्र ती दोन वेगळी नावं वाटतात. या सॉफ्टवेअरच्या शोधात एक टाइप केलं की दुसरं सापडत नाही. आमच्या दोन ऑपरेटरांचे कीबोर्ड वेगळे आहेत, त्यामुळे हा त्रास रोजचा आहे. शोध घेताना दोन्ही रूपं एकच धरायला हवीत. आणि लांबलचक नावं: प्रबंधाचं पूर्ण शीर्षक फोल्डरला द्यायची विद्यार्थ्यांची सवय असते. परत काढताना सॉफ्टवेअर त्याच्या अलीकडे स्वतःचे आणखी दोन फोल्डर जोडतं आणि पत्ता विंडोजच्या 260 अक्षरांच्या जुन्या मर्यादेपलीकडे जातो. मग फाइल निघते, पण उघडत नाही.

जुन्या प्रती किती दिवस ठेवायच्या याला एकच आकडा आहे, सगळ्या कामांना सारखा. पत्रिका लग्न लागल्यावर महिनाभरात गेली तरी चालेल. प्रबंधाची प्रत पदवी हातात पडेपर्यंत जाता कामा नये. फोल्डरनिहाय मुदत हवी आणि एखाद्या प्रतीवर ‘ही कधीच पुसू नका’ अशी खूण करता यायला हवी. शिवाय कोरल स्वतःहून ‘बॅकअप_ऑफ’ या नावाने सुरू होणाऱ्या प्रती शेजारी टाकत असतं. त्या वगळायचा पर्याय वरच ठेवला तर बरीच जागा वाचेल.

परभणीचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना पुढचं लगेच कळेल. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो, दुकानातला कूलर दुपारी हरतो, आणि पंखा नसलेली यूएसबी डिस्क हाताला चटका देते. बहुतेक हार्ड डिस्कना चालू असताना 60 अंशांच्या आसपासची मर्यादा दिलेली असते आणि डिस्क स्वतःचं तापमान कॉम्प्युटरला सांगू शकते. ते वाचून सॉफ्टवेअरने काम थांबवावं आणि डिस्क निवली की पुन्हा सुरू करावं. विजेचंही तेच. मध्येच लाइट गेली तर सध्या त्या दिवसाचं काम पहिल्यापासून सुरू होतं. जिथे थांबलं तिथूनच पुढे गेलं पाहिजे, आणि यूपीएस बॅटरीवर आला हे विंडोजला कळत असेल तर सॉफ्टवेअरनेही त्याची दखल घ्यावी.

ऑनलाइन प्रतीबद्दल थोडक्यात. 10 एमबीपीएसच्या अपलोडवर 100 जीबी चढायला बावीस तासांच्या वर लागतात, तेही वेग एकसारखा मिळाला तर. म्हणून काय आधी चढवायचं याचा क्रम मला ठरवता यावा. चालू प्रबंध आधी, छापून झालेली हँडबिलं शेवटी.

सगळ्यात वरची मागणी मात्र वेगळी आहे. आठवड्यातून एकदा सॉफ्टवेअरने स्वतःहून चार फाइली कुठूनही निवडाव्यात, खरोखर बाहेर काढाव्यात, मूळ फाइलींशी ताडून बघाव्यात आणि निकाल सांगावा. फक्त बदल साठवण्याच्या पद्धतीत मधली एक प्रत खराब झाली तर तिच्यावर टेकलेल्या पुढच्या प्रतीही हातच्या जाऊ शकतात आणि वरवर सगळं ठीक दिसत राहतं. 2017 च्या जानेवारीत गिटलॅब या प्रोग्रॅमरांचं काम ऑनलाइन साठवणाऱ्या कंपनीचा डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा त्यांनीच जाहीर केलं की बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही धड चालत नव्हती. सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत हाताशी होती म्हणून निभावलं. एवढ्या जाणकारांच्या घरी असं घडतं, तर छोट्या दुकानाला ही तपासणी आपोआप मिळायलाच हवी. त्याच वर्षी मे महिन्यात आलेल्या, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय व्हायरसनंतर आणखी एक सोय गरजेची वाटते: एकाच दिवशी हजारो फाइली अचानक बदललेल्या दिसल्या तर जुन्या प्रती पुसणं थांबवून आधी मालकाला विचारा.

मी वर्षाची फी पुन्हा भरणार आहे, कारण घेण्याचं काम ते इमानदारीने करतं. सोबत चालू प्रबंधांची एक प्रत साध्या फोल्डरांत, कुठल्याही सॉफ्टवेअरविना उघडेल अशी, वेगळ्या डिस्कवर ठेवतो आणि ती डिस्क रात्री घरी नेतो. वरच्या सगळ्या सूचना कंपनीला इंग्रजीत कळवल्या आहेत. तारखांचा क्रम पुढच्या आवृत्तीत सुधारू, असं उत्तर आलं आहे. फॉन्ट आणि ‘ऱ’बद्दल त्यांनी नमुन्याच्या फाइली मागितल्या, त्या पाठवल्या आहेत. तुमच्याकडे युनिकोडपूर्व फॉन्टमधलं काम असेल तर कोणतंही बॅकअप सॉफ्टवेअर घेण्याआधी चाचणीच्या मुदतीतच अशी एक फाइल दुसऱ्या मशीनवर परत काढून, उघडून बघा.