जुनी जड बाईक कॅफे रेसर करायची: फ्रेम कापून की न कापता?

१९६९ ची होंडा सीबी ७५० किंवा तशीच दोनशे किलोंच्या वरची गाडी हाताशी असली आणि तिची कॅफे रेसर, म्हणजे खाली हँडल, सपाट छोटी सीट आणि मोजकेच भाग असलेली गाडी, करायची असली की पहिला प्रश्न हाच पडतो.

वजनाचं आधी बोलू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच. सीटमागची फ्रेम कापून फार काही हलकं होत नाही. खरा भार जुने सायलेन्सर, लोखंडी मडगार्ड आणि लेड-ॲसिड बॅटरीत असतो, आणि हे तिन्ही पान्यानेच निघतात. कापण्याने मिळते ती आखूड, सपाट शेपटी. ती दिसते मात्र देखणी!

खर्च आणि मेहनत कापण्यात कितीतरी जास्त: कापलेली टोकं जोडायला मागे वळवलेला पाइप वेल्ड करावाच लागतो, नाहीतर फ्रेमचा ताठपणा जातो. शिवाय वायरिंग आणि बॅटरीची जागा बदलते. एअरबॉक्स (इंजिनाची हवा जिथून येते तो मूळ फिल्टरचा डबा) काढून सुटे फिल्टर लावले, तर कार्ब्युरेटरचं जेटिंगही, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल किती सोडायचं ते जुळवणं, नव्याने. माझ्या मते एअरबॉक्स दोन्ही पर्यायांत राहू द्यावा.

कापलेल्या फ्रेमचा टिकाऊपणा चांगल्या वेल्डरच्या हातात. परतीची वाट फक्त बोल्टच्या कामात, म्हणजे न कापता भाग बदलण्यात.

गाडी मूळ, पूर्ण अवस्थेत असेल किंवा रोज चालवायची असेल, तर क्लिप-ऑन हँडल (पुढच्या फोर्कच्या नळ्यांवर बसणारं, खालचं), रिअरसेट (मागे सरकवलेले फूटरेस्ट) आणि नवी सीट पुरे. आधीच गंजलेली, अर्धे भाग हरवलेली गाडी असेल, तर खुशाल कापा.