पुल्टेनिया की डिलविनिया?

सिडनीभोवतालच्या वालुकाश्मी माळरानांवर वसंतात, म्हणजे साधारण ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये, फुलणारी वाटाण्याच्या कुळातील ही दोन झुडपे लांबून सारखीच दिसतात, कारण दोन्हींची फुले पिवळी व तांबूस छटेची असतात आणि स्थानिक लोक दोन्हींना ‘एग्ज अँड बेकन’ असेच म्हणतात.

फरक पानांत शोधावा. डिलविनियाच्या अरुंद पानावर वरच्या बाजूने बारीक पन्हळ जाते आणि देठाशी उपपर्णे, म्हणजे देठाच्या बुडाशी येणारी पानासारखी छोटी अंगे, नसतात. पुल्टेनियाच्या देठाशी मात्र चिमुकली, बहुधा तपकिरी उपपर्णे असतात, जी साध्या भिंगातूनही स्पष्ट दिसतात. डिलविनियाची वरची पाकळी उंचीपेक्षा रुंद असते, हेही लक्षण उपयोगी आहे. तरी माझा भर उपपर्णांवरच राहील, कारण बहर ओसरल्यावर पाकळी पाहायला मिळत नाही.

लागवडीत दोन्हींची गरज एकच: पाण्याचा उत्तम निचरा. बियांचे कठीण कवच निसर्गात वणव्याच्या उष्णतेने तडकते, म्हणून पेरणीपूर्वी त्यांवर उकळते पाणी ओतून त्या रात्रभर भिजत ठेवतात. बागेसाठी निवड करताना पुल्टेनियात वाव अधिक आहे, कारण तिच्या सुमारे 100 जाती आहेत आणि त्यांत जमिनीलगत पसरणाऱ्याही आहेत.